दर शुक्रवारी पाच मिनिटं

फिंतासच्या सिग्नलला गाडी थांबली आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा लागला. हरभऱ्याच्या डाळीएवढा लाल ठिपका. माझ्या मांडीवर गाडीचं नवं दफ्तर होतं. इथे नोंदणीच्या कागदाला सगळे दफ्तरच म्हणतात. वार्षिक तपासणी अर्ध्या तासापूर्वी पास झाली होती आणि बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते. "बाबा, दिवा," मी म्हटलं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग समोरच्या सिग्नलकडे. "प्रतिबिंब आहे गं ते. सिग्नलचं. काच जुनी झालीय." मी मान डोलावली. सिग्नल हिरवा झाला. दिवा लालच राहिला. मग बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा वेग वाढला, दिवा विझला, आणि तो विझलेला पाहून आम्ही दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं. एगैलातल्या आमच्या बिल्डिंगपर्यंत आणखी दोन सिग्नल होते. दोन्ही ठिकाणी बाबा गाडी थांबवून पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवत होते, म्हणजे इंजिन मंद होऊ नये, म्हणजे दिवा लागू नये. हे त्यांना नकळत होत होतं असं मला वाटून घ्यायचं होतं. पण माझे बाबा, विजयकुमार, हे तेहतीस वर्षं कुवेतमधल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळत आलेले नाशिकचे इंजिनियर. तेलाचा दाब कमी होणं म्हणजे काय, हे त्यांना न कळणं शक्य नव्हतं.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी दहाला नबील गाडी घ्यायला येणार होता. त्यानंतरच्या सोमवारी आई-बाबांचं नाशिकचं विमान होतं, कायमचं. गाडी अठ्ठ्याहत्तर सालची, अमेरिकन, आठ सिलिंडरची, सागरी निळ्या रंगाची, आणि लांबीला एवढी की पार्किंगच्या शेडमधून तिचं नाक नेहमी हातभर बाहेर राही. मूळ ती नबीलच्या वडिलांची. ते बाबांचे इथले पहिले साहेब. अठ्ठ्याण्णव साली बाबांना आईला इथे आणायची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी ती बाबांच्या हवाली केली. पुढच्या वर्षी मी याच गाडीतून हॉस्पिटलमधून घरी आले. आता ते म्हातारे साहेब नाहीत. नबीलचं जहराला एक शेत आहे, तिथे तो ती ठेवणार होता. फोनवर त्याने बाबांना, इथल्या रीतीने मुलीच्या, म्हणजे माझ्या नावाने हाक मारून, एवढंच म्हटलं होतं, "अबू सलोनी, स्वतःच्या पायाने जहराला पोचली तर माझी. मेलेली गाडी मी काय करू? माझ्याकडे मेलेल्या तीन आहेत." नाही पोचली तर तिचा रस्ता ठरलेला होता: भंगाराचा अड्डा. बाबांनी हे आईला सांगताना 'भंगार' हा शब्द वापरला नाही. 'नाहीतर मग तिकडे' असं म्हणाले.

मी रसायनशास्त्र शिकले. पुण्यात हॉस्टेलवर राहून. माझी मराठीसुद्धा तिथेच नीट झाली. त्याआधी आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आता मी शुएबाच्या औद्योगिक भागातल्या एका खासगी लॅबमध्ये वापरलेली तेलं तपासते. कुणाच्या तरी जनरेटरचं, कुणाच्या तरी क्रेनचं तेल छोट्या बाटलीत येतं आणि मी दोन ओळींत लिहिते: पाण्याचं प्रमाण जास्त. कारण शोधावं. कारण कोण आहे हे मला लिहायचं नसतं. त्या नोकरीतलं हे मला फार आवडतं. तर तपासणीच्या त्या बुधवारी बाबा वर गेल्यावर मी बॉनेट उघडलं आणि तेल ओतायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं. आतून ते झाकण पांढरट पिवळं होतं. ताकाच्या भांड्याच्या कडेला लोणी चिकटतं तसं. त्याखाली टॉर्चच्या उजेडात काळं, चमकदार, गच्च काहीतरी. एक चमचाभर खरवडून मी ते मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत भरलं, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. आनंद होता. लॅबमध्ये इतका सुंदर नमुना कधी आला नव्हता.

वर स्वयंपाकघरात अर्ध्या फडताळांची खोकी झाली होती. आई, म्हणजे सुमन, एका खोक्यावर बसून दुसऱ्यावर 'डाळी' असं लिहीत होती. तेलात पाणी आहे का हे पाहायची सगळ्यात जुनी परीक्षा म्हणजे तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकायचा. मी तवा तापवला आणि लोण्यासारख्या त्या पदार्थाचा थेंब टाकला. चर्र् झालं, मोहरी तडतडते तसं, आणि थेंब नाचत नाचत तव्याच्या कडेला गेला. "माझा तवा!" आई ओरडली. "सलू, हा तवा मी नाशिकला नेणारेय! भाकरीचा तवा आहे तो!" मी म्हटलं, "आई, पाणी आहे. ऐकलंस?" "ऐकलं ना. आता घासशील तो तू. पण गाडीत पाणी कुठून आलं? पाऊस तर वर्षातून चार दिवस पडतो." मी म्हटलं, "हवेतून." आईने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलते तेव्हा उत्तर एका शब्दाचं असतं, हे तिला मी चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

पाणी हवेतून आलं नव्हतं. ते कुठून आलं ते मला तवा चरचरण्याआधीच कळलं होतं, आणि तव्याने फक्त सही केली होती. दोन हजार दहा साली बाबांनी रोजच्या वापराला जपानी गाडी घेतली. निळी गाडी शेडमध्ये उभी राहिली. पण बाबांच्या कारखान्यात एक नियम होता, तो मी लहानपणी पाढ्यांसारखा ऐकलेला: प्रत्येक चालत्या पंपाच्या शेजारी एक राखीव पंप असतो, आणि राखीव पंप नुसता उभा ठेवायचा नसतो. आठवड्यातून एकदा तो फिरवायचा, म्हणजे दांडा एका जागी रुतत नाही, बेअरिंगांना तेल लागतं. बाबांनी निळ्या गाडीला राखीव पंप करून टाकलं. दर शुक्रवारी सकाळी, आंघोळीनंतर आणि पोह्यांआधी, आम्ही दोघं खाली जायचो. मी मागच्या लांबरुंद सीटवर, पायांचे अंगठे जेमतेम टेकणारे. बाबा किल्ली फिरवायचे, गाडी खोकून जागी व्हायची, आणि बाबा मनगटावरच्या घड्याळात पाहून म्हणायचे, "चल, पाच मिनिटं. मोज." मी तीनशेपर्यंत मोजायचे, इंग्रजीत. बाबा डोळे मिटून इंजिन ऐकायचे. सीटचं रेक्झीन थंडीत पायांना गार लागायचं आणि पेट्रोलचा गोडसर वास यायचा. तीनशे झाले की किल्ली उलटी. मग वर जाऊन नाशिकला आजीला फोन. त्या फोनलाही पाचच मिनिटं, कारण तेव्हा फोनची कार्डं पटकन संपायची. माझ्या डोक्यात कित्येक वर्षं प्रेमाचं माप पाच मिनिटं हेच होतं. मला ते कधी कमी वाटलं नाही.

पंप पेट्रोल पीत नाही, एवढाच फरक. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर त्याची वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत तापत नाही. आठ सिलिंडरचं ते लोखंडी धूड पाच मिनिटांत जेमतेम कोमट होतं, त्याच्या आतल्या गार भिंतींवर पाणी दवासारखं धरतं, खाली तेलात उतरतं, आणि काजळी, न जळलेलं पेट्रोल, पाणी मिळून गाळ घट्ट होत जातो. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशेब केला, म्हणजे तो आपोआप झाला. पंधरा वर्षं, सातशे ऐंशी शुक्रवार. दर शुक्रवारी पाव लिटर धरलं तर एकशे पंच्याण्णव लिटर पाणी. बहुतेक सायलेन्सरमधून गेलं असेल. शंभरातला एक भाग आत राहिला तरी दोन लिटर. वर्षातून एकदा तपासणीला नेत तेवढाच काय तो एक दिवस गाडीचं तेल खरं तापत असे. तिला सोडून दिलं असतं तर एवढा गाळ झाला नसता. आणि अगदी रोज चालवलं असतं तरीही नाही. झाला तो बरोबर बाबांनी जितकी काळजी घेतली तितकीच घेतल्यामुळे. हे वाक्य मी मनात तीन वेळा दुरुस्त केलं. ते दर वेळी तसंच उरलं.

विठ्ठलकाकांना मी फोन केला. ते कुडाळकडचे, खैतानला चार जणांत एका खोलीत राहतात, आणि अठ्ठावीस वर्षं एका गॅरेजात इंजिनं उघडतायत. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा. मी म्हटलं, "काका, माझ्याकडे एक सॉल्व्हंट आहे. तेलात मिसळायचं, वीस मिनिटं इंजिन चालवायचं, सगळं धुऊन बाहेर. उघडायलाच नको." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "गो चेडवा, पंधरा वर्सां पोटात साचलेला जुलाब देऊन काढतत काय? आतडी भायर येतली." मला ते अशास्त्रीय वाटलं. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी प्रयोग केला. मुरांब्याच्या तीन बरण्या, तिन्हींत सारखा गाळ. एकीत माझं सॉल्व्हंट, दुसरीत डिझेल, तिसरीत कोमट पातळ तेल. तासाभराने पाहिलं. डिझेलमधला गाळ कडेकडेने विरघळत होता, चहात बिस्किट विरघळतं तसा. तेलातल्याला काहीच झालं नव्हतं. आणि सॉल्व्हंटमधला गाळ विरघळला नव्हता, सुटला होता. नखाएवढे काळे पापुद्रे तरंगत होते. असे पापुद्रे इंजिनात सुटले असते तर थेट तळाशी तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसले असते, आणि जाळी आधीच अर्धी बुजलेली, म्हणून तर दिवा लागत होता. मी काकांना बरणीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं: आतडी. त्यांनी अंगठा पाठवला.

बाबांना मी एवढंच म्हटलं होतं, "देण्याआधी एकदा काकांकडून साफ करून घेऊ." शुक्रवारी सकाळी काका आले तेव्हा समुद्रावरून गार वारा येत होता आणि बाबा स्वेटर घालून, घडीची खुर्ची टाकून, टॉर्च घेऊन आधीच बसले होते. बिल्डिंगचा रखवालदार तौफीक फरशीकडे बोट दाखवून "बाबा, तेल नीचे नहीं, नीचे नहीं" म्हणत दोनदा येऊन गेला. मग स्वतःच कुठून तरी पुठ्ठे घेऊन आला आणि गाडीखाली अंथरून गेला. काकांनी इंजिनाच्या डोक्यावरची दोन टॅपेट कव्हरं काढली. आत काही दिसतच नव्हतं. भाग नव्हते, नुसता आकार होता. पलंगावर चादर ओढून घेतलेल्या माणसासारखा. "ह्यो गाळ नाय गो," काका म्हणाले, "हलवो आसा. सुरी आण, वडये पाडूया." मी हसले. बाबाही हसले, आणि टॉर्च पुढे धरत म्हणाले, "विठ्ठल, विचार कर, मी दर शुक्रवारी चालू केली नसती तर काय झालं असतं! जामच झाली असती. एक शुक्रवार चुकला नाही हो. सुट्टीत नाशिकला गेलो तरी तौफीकला किल्ली देऊन जायचो." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी अशी किती इंजिनं उघडली असतील. ते एवढंच म्हणाले, "होय तर. सायबांची गाडी ती."

खरवडायचं काम माझ्याकडे होतं. तेल खाली उतरायची भोकं आधी चिंध्यांनी बंद करायची, म्हणजे सुटलेला गाळ खोल जात नाही. मग प्लास्टिकच्या उलथन्याने, धातूच्या नाही, कारण धातूने ओरखडे पडतात, थोडं थोडं उचलायचं, पुठ्ठ्यावर ठेवायचं, डिझेलच्या ब्रशने पुसायचं. आईने तिचा जुना सुती गाऊन फाडून दिला होता. त्याचे धागे सुटत नाहीत. हळूहळू चादरीखालचा माणूस दिसायला लागला. एक स्प्रिंग. मग तिच्याशेजारची. धातू इतका स्वच्छ की त्यात माझं बोट दिसलं. गाळाने गंज येऊ दिला नव्हता, ही गंमत बाबांना सांगायला हवी असं वाटलं आणि सांगता सांगता मी थांबले, कारण पुढचा प्रश्न आला असता. उलथन्याच्या एका घावात गाळाचा उभा काप निघाला आणि त्याला थर होते. काळा, तपकिरी, काळा, तपकिरी. मी ते मोजायला लागले आणि मधेच लक्षात आलं की मी इंग्रजीत मोजतेय. एखादा थर मी पुण्याला गेले त्या वर्षीचा असेल, त्यानंतर मागच्या सीटवर कुणी मोजणारं नव्हतं आणि बाबा एकटेच घड्याळात पाहत असतील. तरीही पाच. ना चार, ना सहा. एखादा माणूस इतका नेमका असू शकतो आणि त्या नेमकेपणातच चुकू शकतो याचं मला हसू येत होतं, खरंच येत होतं, आणि डिझेलने डोळे चुरचुरत होते म्हणून मी ते बाहीने पुसले.

दुपारी काकांनी इंजिन जॅकवर दोन इंच उचललं आणि तळाचं चेंबर काढलं. जाळी हातात आली तेव्हा ती जाळी आहे हे सांगावं लागलं असतं. अंगठ्याएवढं एक भोक उघडं होतं. तेवढ्यातून गाडीने तपासणी पास केली होती. बाबांनी जाळी घेतली, डिझेलमध्ये बुडवली, आणि टूथब्रशने घासत राहिले, घासत राहिले, तासभर. आई वरून डबा घेऊन आली, "अहो, दातसुद्धा एवढे घासत नाही तुम्ही," म्हणाली, आणि आम्ही पुठ्ठ्यावर बसून थालीपीठं खाल्ली. हात धुताना काका हळूच म्हणाले, "सांगितलंस सायबांका?" "नाही." "मगे तो शेठ येतलो, साहेब त्येका सांगतले, शुक्रवारी पाच मिनटां. आनि पंधरा वर्सांनी दुसरो कोण खरवडीत बसतलो." मी साबण हातात फिरवत राहिले. काकांचं बरोबर होतं. लॅबच्या रिपोर्टवर मी दोन ओळी लिहून मोकळी होते. इथे गप्प बसले तर गाडी वाचत नव्हती, फक्त तिचं मरण जहराला हलत होतं. आणि बोलले तर सोमवारी विमानात बसणाऱ्या माणसाच्या हातातून मी सातशे ऐंशी शुक्रवार काढून घेणार होते. तो माणूस निवृत्त झाला होता. त्याच्याकडे आता सांभाळायला एकही पंप नव्हता.

आठवडाभर मी ते वाक्य निरनिराळ्या प्रकारे जुळवून पाहिलं. लॅबमध्ये तेलं तपासताना, कॉफी ओतताना. 'बाबा, एक निरीक्षण आहे.' 'बाबा, दमट हवेमुळे काही वेळा.' तोवर गाडी पातळ तेलावर दोनदा चालवून ते तेल काढलं होतं. पहिलं काळं निघालं, दुसरं चहाच्या रंगाचं. नवं तेल, नवा फिल्टर. दिवा उभ्या गाडीत लागत नव्हता. पण उभ्या गाडीत तो कधीच लागत नसे; पाच मिनिटांत तेल जाडच असतं, दाब टिकतो. लागतो तो तेल तापून पातळ झाल्यावर, सिग्नलला. म्हणजे खरी परीक्षा रस्त्यावरच होती.

शुक्रवारी दहाला नबील आला. चाळिशीचा, हसरा, पायघोळ पांढऱ्या दिशदाशावर जाड जॅकेट. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या दाराचं हँडल धरून उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "इथे बसून मी मोठा झालो." मी म्हटलं, "मीसुद्धा." बाबांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली, मूठ मिटवली, आणि मला जे ऐकू येणार हे ठाऊक होतं तेच म्हणाले, सावकाश, पुढच्या शिफ्टला सूचना द्यावी तसं: "नबील, एकच गोष्ट. दर शुक्रवारी. पाच मिनिटं."

"पाच नाही," मी म्हटलं. माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "चाळीस. आणि उभ्याने नाही, रस्त्यावर."

बाबा माझ्याकडे वळले. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना. मी म्हटलं, "बाबा, ती पंप नाहीये." बस, एवढंच. बाबांचं तोंड किंचित उघडं राहिलं. मला त्यांच्या कपाळामागे ते सगळं ओळीने होताना दिसत होतं: पेट्रोल, पाणी, गार भिंत, दव. तेहतीस वर्षं काम केलेल्या इंजिनियरला एका वाक्यापेक्षा जास्त लागलं नाही. "पंप पेट्रोल पीत नाही," ते मराठीत पुटपुटले. तौफीकने झाडू थांबवला. पुठ्ठे आवरत असलेले काका जमिनीकडे पाहत राहिले. "म्हणजे तो हलवा," बाबा म्हणाले, "मी केला. सातशे किती?" "सातशे ऐंशी," मी म्हटलं. "मोजलेस?" "तुम्हीच मोजायला शिकवलंत." आणि मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं, गाडी खोकून जागी होते तसं, आणि ते हसायला लागले, स्वेटर हलेपर्यंत हसले, गाडीच्या टपावर थाप मारली. आई पायऱ्यांवरून म्हणाली, "अहो, पाच मिनिटांत तुमचं कधी काही तापलंय का? चहासुद्धा नाही!" नबीलला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसत होता. बाबांनी डोळे पुसले आणि इंग्रजीत त्याला म्हणाले, "माझी मुलगी लॅबमध्ये आहे. ती सांगते ते लिहून घे. चाळीस मिनिटं. रस्त्यावर." "जहरापर्यंत पाऊण तास आहे," नबील म्हणाला. "यल्ला, अबू सलोनी, बस. आजपासून सुरू."

नबील चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. काका आमच्या जपानी गाडीतून पाठीमागे येत होते, आम्हाला परत आणायला, आणि लागलंच तर ओढायला. रेक्झीन अजूनही गार होतं, पण आता पाय पुरते टेकत होते. विसाव्या मिनिटाला तापमानाचा काटा मधोमध आला आणि तिथेच थांबला. तिसाव्या मिनिटाला झाकणाकडून वाफेचा किंचित वास आला, इस्त्रीच्या ओल्या कपड्यासारखा, आणि मग गेला. मी मनात म्हटलं, गेलं एकदाचं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. न उघडता म्हणाले, "सलू, मी नाशिकहून फोन करेन हां दर शुक्रवारी." मी म्हटलं, "किती वेळ?" त्यांच्या मानेवरून कळलं की हसतायत.

जहराच्या सिग्नलला गाडी थांबली. इंजिन मंद झालं, तेल चांगलं तापलेलं होतं, आणि डॅशबोर्डवर हरभऱ्याच्या डाळीएवढा लाल ठिपका उमटला. बाबा पुढे वाकले. "लागला," ते म्हणाले. नबीलने पाय ॲक्सिलरेटरकडे नेला. "थांबा," मी म्हटलं, आणि दोघांच्या मधून पुढे वाकून दिव्याच्या काचेवर हाताची सावली धरली. ठिपका गेला. हात काढला, परत आला. आम्ही तिघंही समोर पाहत राहिलो. सिग्नल हिरवा झाला, आणि काचेतला ठिपकाही हिरवा झाला.